साइडबोर्ड शिकायचाय? मग आधी काय बाहेर काढायचं ते ठरवा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात पत्त्यांचे डाव बसतात. ओट्यावर, मळ्यात, जिथे सावली मिळेल तिथे. ते बघत मोठं झालेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: वाटणीत आली ती आपली पानं, त्यात अदलाबदल नाही. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा डेक, म्हणजे स्वतः निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा, घेऊन अनोळखी माणसासमोर बसलो आणि पहिला गेम जिंकलो. मग समोरच्या मुलाने शेजारच्या डबीतून पंधरा कार्डं काढली, काही डेकमध्ये घातली, तितकीच बाहेर काढली, आणि पुढचे दोन्ही गेम घेतले. मला ती लबाडी वाटली. पण ते नियमातच होतं. माझ्याकडेही पंधरा कार्डं होती, फक्त त्यांचं करायचं काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पंधरा कार्डांना साइडबोर्ड म्हणतात, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नव्या खेळाडूंची अडचण मला माहीत आहे. आपल्याकडे रोज नवा प्रतिस्पर्धी मिळत नाही, चार-पाच मित्रांतच खेळ फिरत राहतो. मोठ्या स्पर्धेसाठी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्र काढून पुणं गाठायचं आणि सकाळी पहिल्या राउंडला बसायचं. इतका प्रवास करून गेल्यावर मॅच नशिबाने गेली तर चालतं, तयारी नसल्याने जाऊ नये. आणि तीन गेमच्या मॅचमध्ये पहिला गेम सोडला तर बाकीचे सगळे साइडबोर्डनंतरचे असतात. म्हणजे स्पर्धेतला निम्म्याहून जास्त खेळ आपण ज्या डेकने खेळतो, तो डेक आपण घरी कधी नीट मांडून पाहिलेलाच नसतो.

पहिली पायरी: आपल्या खेळाचा नियम नीट समजून घ्या

मॅजिकमध्ये मेन डेक कमीत कमी 60 कार्डांचा आणि साइडबोर्ड जास्तीत जास्त 15 कार्डांचा. एकाच नावाची कार्डं दोन्हींत मिळून चारच, साध्या लँडला, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी माना देणाऱ्या कार्डांना, ही मर्यादा नाही. पहिला गेम मेन डेकनेच खेळायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गेमच्या आधी अदलाबदल करता येते. पूर्वी एक कार्ड आत घेतलं की एक बाहेर काढावंच लागे. 2013 मध्ये ती सक्ती गेली. आता डेक 60 च्या खाली नको आणि साइडबोर्ड 15 च्या वर नको, एवढंच. तरीही माझा सल्ला जितकी आत तितकीच बाहेर असाच आहे. 62 कार्डांचा डेक म्हणजे आपली सगळ्यात चांगली चार कार्डं थोडी आणखी खोल गाडणं.

यू-गी-ओ या असल्याच दुसऱ्या खेळात मेन डेक 40 ते 60, एक्स्ट्रा डेक 15 पर्यंत, साइड डेक 15 पर्यंत, आणि एक कार्ड तिन्हींत मिळून तीनदाच. इथे अदलाबदल समान संख्येचीच हवी. पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात साइडबोर्ड नाहीच. नेमकी 60 कार्डं आणि शेवटपर्यंत तीच. पोकेमॉन खेळणाऱ्यांना या लेखातला दुसऱ्या पायरीचा भाग मात्र उपयोगी पडेल.

पुढची उदाहरणं मी मॅजिकच्या पॉपर प्रकारातली घेतो. पॉपरमध्ये फक्त कॉमन, म्हणजे सहज मिळणारी, कार्डं चालतात, त्यामुळे पूर्ण डेक विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतो. 2019 पासून तो अधिकृत प्रकार आहे. आमच्या गटात सगळ्यांनी सुरुवात तिथूनच केली.

दुसरी पायरी: समोर कोण बसणार त्याची यादी

कागद घ्या आणि ज्या डेकशी गाठ पडू शकते त्यांची नावं लिहा. सहा ते आठ पुरे. जगात काय खेळलं जातंय त्यापेक्षा आपण जातोय त्या टेबलांवर काय येतं हे आधी बघा. आमच्या गटात पाचपैकी दोघं निळे डेक खेळायचे (मॅजिकमध्ये कार्डांना रंग असतात), म्हणून आमचे सगळ्यांचे साइडबोर्ड निळ्याविरुद्ध भरलेले. तेच घेऊन बाहेरगावच्या स्पर्धेला गेलो तर समोर लाल आणि हिरवे, आणि डबीतली सहा कार्डं दिवसभर डबीतच राहिली. गावातल्या डावासाठी एक साइडबोर्ड आणि प्रवासाच्या स्पर्धेसाठी दुसरा, असे दोन ठेवायला काहीच हरकत नाही.

प्रत्येक डेकच्या नावापुढे एकच वाक्य लिहा: हा डेक जिंकतो कसा? 'छोटे एल्फ भराभर मांडून', 'थडग्यात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) टाकलेला राक्षस परत उठवून', 'माझं सगळं रद्द करत शेवटी एक मोठा प्राणी आणून'. हे वाक्य लिहिता आलं नाही तर त्या डेकविरुद्ध कार्ड निवडूच नका, कारण निवड अंदाजाने होईल. आधी त्या डेकने मित्राशी दोन गेम स्वतः खेळून बघा. कार्डं नसली तर कागदावर नावं लिहून जुन्या कार्डांच्या पुढे स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, सरकवा. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, पण सरावाला काहीच अडत नाही.

तिसरी पायरी: 'बाहेर'चा रकाना आधी भरा

माझं सगळं म्हणणं या पायरीत आहे, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

नवा खेळाडू साइडबोर्ड बनवताना चांगली चांगली कार्डं गोळा करतो. निळ्याविरुद्ध चार, आर्टिफॅक्टविरुद्ध (यंत्रं-वस्तूंच्या कार्डांविरुद्ध) चार, थडग्याविरुद्ध चार. मग स्पर्धेत गेम संपतो, तो डबी उघडतो, चार कार्डं आत घेतो आणि तिथे अडकतो. हातात 64 कार्डं आहेत आणि सगळीच लाडकी. घड्याळ चाललंय, समोरचा डेक पिसून वाट बघतोय, मग घाईत एक लँड, एक प्राणी, एक काहीतरी असं काढलं जातं. घातलेली चार कार्डं उत्तम असूनही डेक आधीपेक्षा वाईट होतो.

म्हणून वहीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी दोन रकाने आखा आणि पहिला रकाना 'बाहेर'चा ठेवा. मेन डेकमधलं प्रत्येक कार्ड हातात घेऊन विचारा: या डेकसमोर हे करतं काय? ज्यांचं उत्तर 'फारसं काही नाही', ती त्या रकान्यात. ती संख्या तीन आली तर त्या मॅचसाठी तुम्हाला साइडबोर्डची तीनच कार्डं लागतात. चौथं कितीही भारी असलं तरी त्याला जागा नाही.

आता खरं उदाहरण. मी लाल बर्न खेळतो. 18 माउंटन, बाकी 42 कार्डांपैकी बरीचशी समोरच्याला 3 नुकसान करणारी: लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, रिफ्ट बोल्ट, लाव्हा स्पाइक. समोरच्याचं आयुष्य 20. सात कार्डं गुणिले 3 म्हणजे 21. या डेकचं सगळं गणित एवढंच, सात कार्डं लवकरात लवकर समोरच्याच्या तोंडावर. त्यामुळे मी आत घेतलेलं प्रत्येक नुकसान न करणारं कार्ड या सातांपैकी एकाला उशीर करतं.

साइडबोर्ड असा: पायरोब्लास्ट 4, स्मॅश टू स्मिदरीन्स 4, इलेक्ट्रिकरी 3, रेलिक ऑफ प्रोजेनिटस 3, सीअरिंग ब्लेझ 1. मेनमध्ये सीअरिंग ब्लेझ आधीच 3 आहेत, म्हणून साइडबोर्डमध्ये एकच बसतं. चारची मर्यादा दोन्हींत मिळून आहे हे पुन्हा लक्षात आणून देतो.

समोर टोलारियन टेररचा निळा डेक आहे असं धरा. टोलारियन टेरर हा 5/5 प्राणी (ताकद 5, जीव 5), किंमत सात माना, पण मालकाच्या थडग्यात, म्हणजे ग्रेव्हयार्डमध्ये, जितके इन्स्टंट आणि सॉर्सरी (एकदा वापरून संपणारी कार्डं) तितका तो स्वस्त होतो. शिवाय त्याला वॉर्ड 2 आहे, म्हणजे तो टेबलावर आल्यावर त्याला नेम धरायचा तर दोन माना जास्त मोजायच्या. पायरोब्लास्ट एका मानात निळा स्पेल, म्हणजे खेळलं जात असलेलं निळं कार्ड, रद्द करतं किंवा टेबलावरचं निळं कार्ड नष्ट करतं. मग ते कधी वापरायचं? टेरर खेळला जात असताना, टेबलावर उतरण्याआधी. वॉर्ड तेव्हा लागू नसतो, एका मानात काम होतं.

आता 'बाहेर'. सीअरिंग ब्लेझ खेळायला समोर प्राणी हवा, त्या प्राण्याला ते फार तर 3 नुकसान करतं आणि समोर 5/5 उभा. तिन्ही बाहेर. फायरब्लास्ट दोन माउंटन बळी देऊन 4 नुकसान करतं; समोरच्याने काउंटरस्पेल टाकून ते रद्द केलं तर कार्डही गेलं आणि दोन लँडही. चारातलं एक बाहेर. चार झाले. पायरोब्लास्ट चार आत. संपलं.

इथे मोह होतो रेलिकचा. थडगं रिकामं केलं तर टेरर महाग होतो, बरोबर? बरोबरच आहे, आणि म्हणूनच मी एकदा चार पायरोब्लास्टबरोबर तिन्ही रेलिकही आत घेतली. सात कार्डं, एकही नुकसान करणारं नाही. तिसऱ्या गेममध्ये समोरच्याचं आयुष्य 2 उरलं होतं, माझ्या हातात दोन रेलिक होती, आणि मी तसाच हरलो. एक साधा बोल्ट असता तर मॅच माझी होती. माझ्या गटातला चाळीसगावकडचा एक मित्र मागे उभा राहून बघत होता. उठताना तो अहिराणीत एवढंच म्हणाला, 'पत्ता भारी शे, पन आते कामना नही.' तेव्हापासून प्रत्येक कार्डाला मी हाच प्रश्न विचारतो. कार्ड भारी असेल, पण या डेकात, या माणसासमोर, आत्ता त्याचं काम आहे का?

रेलिकला आणखी एक धार आहे. त्याची दुसरी क्षमता सगळ्यांची थडगी रिकामी करते, आपलंही. तुमच्या डेकात घिटू लाव्हारनर असेल तर तो आपल्या थडग्यात दोन इन्स्टंट-सॉर्सरी असल्यावरच आल्याआल्या हल्ला करतो. म्हणजे समोरच्याची वाट अडवताना आपलाही पाय अडकतो. साइडबोर्डचं कार्ड निवडताना ते आपल्या डेकचं काय करतं हे आधी वाचा.

याच्या उलट स्मॅश टू स्मिदरीन्स बघा. आर्टिफॅक्ट नष्ट करतं आणि मालकाला 3 नुकसानही करतं. बर्नसाठी हे सोनं आहे, कारण सात कार्डांचं गणित बिघडत नाही. ॲफिनिटी या आर्टिफॅक्टच्या डेकसमोर मायर एन्फोर्सरसारखे 4/4 येतात, त्यांच्यापुढे 1 नुकसान करणारा लाव्हा डार्ट निरुपयोगी. तीन लाव्हा डार्ट बाहेर, तीन स्मॅश आत. चौथं स्मॅश मी आत्तापर्यंत दोनदाच आत घेतलंय.

एल्फ डेकसमोर इलेक्ट्रिकरी. ओव्हरलोड किमतीत, म्हणजे तीन मानात, ते समोरच्याच्या प्रत्येक प्राण्याला 1 नुकसान करतं, आणि लानोवार एल्फसारखे 1/1 एकदम जातात. तिन्ही आत, आणि सोबत साइडबोर्डमधलं एक सीअरिंग ब्लेझ. चार लाव्हा स्पाइक बाहेर, कारण ती खेळाडूलाच लागतात, एल्फना हात लावत नाहीत. इथे मी नुकसानीचं गणित थोडं सोडतो. एल्फ जिवंत राहिले तर माझ्या सात कार्डांना वेळच मिळत नाही.

तुम्ही संथ कंट्रोल डेक खेळत असाल तर तुमची वही वेगळी दिसेल, आणि एका अर्थी सोपी. कास्ट डाउनसारखी प्राणी मारणारी कार्डं प्राणीच नसलेल्या डेकसमोर पूर्ण वाया जातात, म्हणून तिथे सहा-सात कार्डं सहज बाहेर जातात आणि तितकीच जागा समोरच्याच्या हातातलं कार्ड टाकायला लावणाऱ्या ड्युरेससारख्या कार्डांना मिळते. आक्रमक डेकने कमी बदलायचं, संथ डेकने जास्त बदललं तरी चालतं. अपवाद आहेत, पण पहिलं वर्षभर हा नियम धरून चला.

चौथी पायरी: पंधरा जागांची वाटणी

सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे दोन्ही रकाने भरले की बेरीज करा. बहुतेकांची बेरीज पहिल्यांदा वीस-बावीसच्या घरात जाते. मग कात्री लावायची. एकापेक्षा जास्त डेकविरुद्ध चालणारं कार्ड ठेवा, जरी ते प्रत्येकासमोर सर्वोत्तम नसलं तरी. फक्त एकाच डेकला लागू पडणारं कार्ड दोन कारणांसाठीच ठेवा: तो डेक खूप भेटतो, किंवा ते कार्ड पडलं की गेम जवळपास संपतोच. एक्झ्युमसारख्या कार्डाने थडग्यातला राक्षस उठवणाऱ्या डेकसमोर रेलिक असं काम करतं. म्हणून माझ्या पंधरांत ती आजही आहेत, फक्त टेररसमोर आत जात नाहीत.

आणि एखाद्या मॅचअपला, म्हणजे आपला डेक आणि समोरचा डेक या जोडीला, सोडून द्या. जिथे दहापैकी आठ गेम हरताय तिथे चार कार्डं घालून सात हराल. तीच चार कार्डं निम्म्या-निम्म्याच्या मॅचअपला द्या.

पाचवी पायरी: किती नग? थोडं गणित

'एक ठेवतो, आला तर आला' असं म्हणण्याआधी हे आकडे बघा. 60 कार्डांच्या डेकमधून पहिल्या सात कार्डांच्या हातात एखादं कार्ड निदान एकदा येण्याची शक्यता: एक नग असेल तर सुमारे 12 टक्के, दोन असतील तर 22, तीन असतील तर 32, चार असतील तर 40. दुसऱ्या क्रमाने खेळत चौथ्या वेळेपर्यंत (वेळ म्हणजे टर्न, आपली पाळी) अकरा कार्डं पाहून झाली की हेच आकडे 18, 34, 46 आणि 57 होतात.

म्हणजे चारही नग घातले तरी सुरुवातीच्या हातात ते दहापैकी सहा वेळा नसतंच. ज्या मॅचचा निकाल पहिल्या तीन वेळांत लागतो, तिथे एक-एक नगाची पाच वेगवेगळी कार्डं ठेवण्यात अर्थ नाही. लांबणाऱ्या मॅचसाठी दोन नग पुरतात. यू-गी-ओमध्ये 40 कार्डांचा डेक आणि पाच कार्डांचा हात, तिथे तीन नगांना सुमारे 34 टक्के.

आणि दुसरी बाजू. साइडबोर्डचं कार्ड हातात आहे एवढ्यावरून वाईट हात ठेवू नका. एक लँड, तीन पायरोब्लास्ट आणि तीन महाग कार्डं हा हात टाकायचाच. मल्लिगनचा, म्हणजे सुरुवातीचा हात बदलून घेण्याचा, सध्याचा नियम, 2019 पासूनचा, बराच उदार आहे: पुन्हा सात काढायची आणि जितक्यांदा मल्लिगन घेतलं तितकी कार्डं डेकच्या तळाला ठेवायची.

सहावी पायरी: पहिले की दुसरे

मॅजिकमध्ये मागचा गेम हरलेला पुढच्यात पहिले खेळायचं की दुसरे ते ठरवतो, आणि बहुतेक जण पहिलेच खेळतात. म्हणजे तुम्ही पहिला गेम जिंकलात तर पुढच्यात तुम्ही दुसरे असाल असं धरूनच साइड करा. पहिला खेळणारा पहिल्या वेळी कार्ड काढत नाही, त्यामुळे दुसऱ्याकडे एक कार्ड जास्त पण वेळ एक कमी. दुसरे खेळताना महाग आणि संथ कार्डं आणखी एक-दोन काढा, स्वस्त उत्तरं वाढवा. वहीत अशा ठिकाणी मी '3, दुसरा असेन तर 4' असं लिहून ठेवतो.

यू-गी-ओमध्ये हा फरक फार मोठा आहे. हार्पीज फेदर डस्टर किंवा लाइटनिंग स्टॉर्म दुसरे खेळताना समोरच्याची मांडलेली स्पेल-ट्रॅप कार्डं एकदम साफ करतात. पहिले खेळलात तर त्या पहिल्या वेळी समोर टेबलावर काहीच नसतं आणि ही कार्डं हातात पडून राहतात. म्हणून यू-गी-ओ खेळणाऱ्यांनी प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी दोन वेगळ्या याद्या कराव्यात, पहिले असताना आणि दुसरे असताना.

सातवी पायरी: समोरचाही बदलतोय

पहिल्या गेममध्ये पाहिलेला डेक दुसऱ्यात समोर नसतो. लाल डेक घेऊन निळ्यासमोर बसलात तर लाल स्पेल रद्द करणारं हायड्रोब्लास्ट येणार असं धरा. हिरव्यासमोर वेदर द स्टॉर्म येईल. हे एक कार्ड नीट समजून घ्या, कारण त्याने मला खूप शिकवलं. ते मालकाला 3 आयुष्य देतं आणि त्या वेळेत त्याआधी खेळल्या गेलेल्या प्रत्येक स्पेलमागे त्याची एक प्रत होते. ते स्पेल तुमचे असले तरी मोजले जातात. तुम्ही एकाच वेळी तीन बर्न टाकलेत आणि त्याने उत्तरात हे टाकलं, तर तीन प्रती आणि मूळ धरून 12 आयुष्य. म्हणून साइडबोर्डनंतर हिरव्यासमोर एका वेळेत एकच बर्न, फार तर दोन. डेकमधलं एकही कार्ड न बदलता फक्त खेळायची पद्धत बदलली, हेही साइडबोर्डिंगच.

त्यामुळे वहीत तिसरा रकाना ठेवा: 'तो काय आणेल'. तो भरला की काही वेळा तुमचा 'आत'चा रकाना बदलतो. आणि तिसऱ्या गेमच्या आधी दुसऱ्या गेममध्ये दिसलेलं धरून पुन्हा विचार करा. दुसऱ्यासाठी केलं तेच तिसऱ्यालाही बरोबर असेल असं नाही, विशेषतः कोण पहिले खेळणार हे उलटलं असेल तर.

आठवी पायरी: टेबलावर हात कसे चालवायचे

मॅजिकमध्ये राउंड 50 मिनिटांचा असतो. दोन गेमच्या मधली अदलाबदल आणि पिसणं मिळून तीन मिनिटांत व्हायला हवं. घरी लिहिलेली छोटी चिठ्ठी दोन गेमच्या मध्ये काढून बघता येते, गेम चालू असताना नाही. दुसऱ्या खेळांत चिठ्ठीचा नियम वेगळा असू शकतो, स्पर्धा सुरू होण्याआधी जजला विचारून घ्या. विचारायला लाजू नका. जजचं कामच ते आहे.

मी असं करतो. आधी 'बाहेर'ची कार्डं काढून टेबलावर पालथी ठेवतो, मग 'आत'ची घालतो, म्हणजे 64 वर अडकायची वेळच येत नाही. समोरच्याला कळू द्यायचं नसेल तर पंधराच्या पंधरा डेकमध्ये मिसळा आणि मग पंधरा वेचून बाहेर काढा. किती बदलली ते त्याला मोजता येत नाही. काहीच बदलायचं नसेल तेव्हाही हेच करा. मग बाजूची पंधरा मोजा, आणि नीट पिसा. नव्याने घातलेली कार्डं एकत्र राहिली तर सगळी मेहनत वाया.

स्लीव्हबद्दल एक सूचना, आपल्याकडच्या हवेमुळे मुद्दाम. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे 45 अंशांच्या आसपास पारा जातो, हाताला घाम असतो, मेन डेकच्या स्लीव्ह आठवड्यात मळतात आणि वाकतात. साइडबोर्डच्या पंधरा मात्र डबीत नव्या कोऱ्या राहतात. त्या डेकमध्ये गेल्या की पाठीवरून ओळखू येतात, आणि स्पर्धेत याला खुणा केलेली कार्डं म्हणतात, तुमच्या मनात काही नसलं तरी. स्लीव्ह बदलायच्या तर पंच्याहत्तरही एकदम बदला, आणि सरावात साइडबोर्डची कार्डंही तितकीच वापरा.

नववी पायरी: सराव दुसऱ्या गेमपासून

चार मित्र जमले की सवयीने सगळे पहिला गेम खेळतात, हरला की पुन्हा पहिला गेम. साइडबोर्ड कधी उघडलाच जात नाही. आमच्या गटाने एका हिवाळ्यात ठरवलं, दर रविवारी फक्त साइड केलेले गेम. यावलकडच्या एका मित्राच्या मळ्यात भरिताची पार्टी असायची. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जाईपर्यंत आम्ही चटईवर बसून एकाच मॅचअपचे पाच-सहा गेम काढायचो, दोघांनीही साइड करून, आलटून पालटून पहिले खेळत. प्रत्येक गेमनंतर दोनच प्रश्न वहीत लिहायचे. आत घेतलेलं कोणतं कार्ड हातात कुजलं? आणि बाहेर काढलेलं कोणतं कार्ड हवंहवंसं वाटलं? चार रविवारांत माझी वही निम्मी खोडली गेली. पायरोब्लास्टसाठी एक फायरब्लास्ट बाहेर काढायचं हे तिथेच कळलं. मित्र लांब असतील तर मोबाइलवर मॅजिक अरीनामध्ये तीन गेमच्या मॅचचा प्रकार आहे, तोच निवडा. एका गेमच्या प्रकारात साइडबोर्डची ही सवय लागत नाही.

शेवटची पायरी: मॅच संपली की डेक परत मूळ जागी

पुढच्या राउंडचा पहिला गेम पुन्हा नोंदवलेल्या मेन डेकनेच खेळायचा असतो. पुण्यातल्या माझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत मी एक मॅच जिंकून आनंदात चहाला गेलो, परत आलो, पिसून बसलो, आणि तिसऱ्या वेळी हातात पायरोब्लास्ट आलं. समोर हिरवा डेक होता. मी स्वतःच जजला बोलावलं. अशा चुकीला प्रकार बघून इशाऱ्यापासून गेम गमावण्यापर्यंत शिक्षा असते, आणि शिक्षेपेक्षा मोठं म्हणजे पुढचे दोन तास डोकं त्याच गोष्टीत अडकून राहतं.

तेव्हापासून निकालाच्या चिठ्ठीवर सही झाल्याझाल्या, खुर्चीवरून उठायच्या आधी, मी साइडबोर्डची पंधरा कार्डं उलगडून एक-एक बघतो: चार पायरोब्लास्ट, चार स्मॅश, तीन इलेक्ट्रिकरी, तीन रेलिक, एक सीअरिंग ब्लेझ. मग डेक मोजतो, साठ. मगच चहा.